कारभारीची सळई

साखरखेर्ड्यात कारभारी नावाची माणसं शोधायला गेलं तर चार-पाच सहज निघतील, पण सळईवाला कारभारी म्हटलं की एकच. उंचीने बेताचा, अंगाने काटक, आणि भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदा आश्चर्य वाटल्यासारखा भाव. वय छप्पन. शिक्षण सातवी, तीही गुरुजींच्या मेहेरबानीने. कोळशापासून पातळ इंधन करण्याच्या कारखान्यातला सरकारचाही पैसा आणि खासगी कंपनीचाही पैसा या माणसामुळे वाचला, असं सांगितलं तर मुंबईचा एखादा साहेब हसेल. हसू दे बापडा. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते हसत नाहीत.

कारभारीची जमीन सव्वा एकर. अर्ध्यात वांगी-मिरची, अर्ध्यात सोयाबीन. त्यात दोघांचं भागायचं, पण लेक पूनम झाल्यावर भागेना, म्हणून तो चौतिसाव्या वर्षी जालन्याला गेला. तिथे लोखंड तापवून सळया ओढण्याच्या मिल आहेत, त्यातल्या एकीत लागला. या मिलमध्ये लोखंडाखाली कोळसा थेट जाळत नाहीत. एका उभ्या भट्टीत कोळसा कोंडतात, त्याला हवा बेताची देतात, सोबत वाफ सोडतात, म्हणजे कोळसा पुरता न जळता त्याचा गॅस होतो, आणि मग तो गॅस जाळून लोखंड तापवतात. या गॅसच्या भट्टीवर कारभारीची बावीस वर्षं गेली.

भट्टीच्या छतावर सहा भोकं असतात, त्यांवर लोखंडी झाकणं. झाकण सरकवायचं, बारा फुटी सळई सरळ तळापर्यंत उतरवायची, मनातल्या मनात एकशेवीस मोजायचे आणि सळई झटक्यात वर काढायची. खाली जिथे राख तिथे सळई काळी. जिथे आग तिथे लाल. त्याच्या वर, जिथे नुसता कोळसा, तिथे पुन्हा काळसर. लाल पट्टा वीतभर असला आणि सहाही भोकांतून सारख्याच उंचीवर निघाला तर भट्टी सुखात आहे. पट्टा लांबला, वर चढला, पिवळा पडू लागला, तर आत राख वितळतेय आणि तिचे धोंडे होताहेत असं समजायचं. हे सगळं चटकन बघावं लागतं, कारण बाहेर आल्याबरोबर सळई निवायला लागते. गोकुळ मिस्त्री नावाच्या उस्तादाने त्याला हे शिकवलं, बहुतेक शिव्यांमधून. भुवया त्याच शाळेत गेल्या.

कसब मिळालं, पण घर सुटलं. पंधरा दिवसांनी एकदा शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचं आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत फिरायचं. पूनमचं बालपण त्याने असं हप्त्याहप्त्याने पाहिलं. एका वारीला ती रांगत होती, दोन-चार वाऱ्यांनी पाहतो तर चालत होती, आणि मग एके रविवारी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती. आशाबाई, म्हणजे त्याची बायको, एकटीने शेत करी, एकटीने आजारी पडे आणि एकटीने बरी होई. ती तक्रार करत नसे. तिने केली असती तर कारभारीला बरं वाटलं असतं, असं तो स्वतःच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी समृद्धी महामार्गापासून थोड्या अंतरावर, शिवारातल्या एका खडकाळ माळावर पत्र्याचं कुंपण पडलं. कारखाना येणार होता, आणि तो भलताच. वणीकडून ट्रकने कोळसा आणायचा, त्याचा गॅस करायचा, गॅस धुऊन स्वच्छ करायचा, दाब देऊन रासायनिक गोळ्यांच्या थरातून न्यायचा, की दुसऱ्या टोकाला मिथेनॉल नावाचं इंधन पडतं. दिसायला थेट पाणी, प्यायलं तर जीव घेणारं, आणि पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळता येणारं. बाहेरच्या देशांकडून तेल विकत घेण्यापेक्षा आपल्याच कोळशाचं तेल करावं, हा त्यामागचा विचार. गावाने त्याला लगेच नाव दिलं, कोळशाचं पाणी.

हा प्रयोगाचा छोटा कारखाना होता आणि त्यासाठी निम्मे पैसे सरकार देणार होतं, निम्मे मुंबईची एक गुंतवणूक कंपनी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सरकार म्हणे, खासगीवाल्यांनी आधी पैसे टाकावेत. कंपनी म्हणे, सरकारचा हप्ता पडू द्या, मग आमचा. जेवणाच्या पंगतीला दोन व्याही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभेच राहतात, तसं दीड वर्ष चाललं. शेवटी तोडगा निघाला. उभारणीपुरता पहिला हप्ता दोघांनी एकदम दिला, आणि पुढच्या मोठ्या पैशासाठी एक अट घातली. भट्टी पेटवल्यापासून बहात्तर तास भरेपर्यंत, एकदा सुरू झालेली मिथेनॉलची धार अखंड चालली पाहिजे, तीही ठरलेल्या शुद्धतेची, सरकारी समितीच्या डोळ्यांदेखत. जमलं तर सरकारचा दुसरा हप्ता, आणि त्यामागोमाग कंपनीचा. नाही जमलं तर दोघंही हात झटकून मोकळे, आणि माळावर गंजायला लोखंड.

कारखान्याची प्रमुख होती समता. लोणारची, एकोणतीस वर्षांची, बापाचं बसस्टँडजवळ भांड्यांचं दुकान, आणि पोरीने मुंबईत शिकून रसायनांची इंजिनिअर होऊन दाखवलेलं. भट्टीवर माणूस घ्यायचा म्हणून तिने जाहिरात दिली तेव्हा चाळीस जण आले. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न केला, की सगळे मापक बंद पडले तर आतली आग कशी ओळखाल. एकोणचाळीस जणांनी मापक दुरुस्त करू असं सांगितलं. कारभारीने कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलून दाखवली. त्याला त्याच दिवशी नोकरीचा कागद मिळाला.

जालन्याच्या मिलने त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरली. फोरमनने स्पष्ट सांगितलं की परत आलास तर भट्टीवर जागा नाही, कोळसा ओढायला ये हवं तर. कारभारीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो आला, ट्रंक डोक्यावर घेऊन, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ओळीने सात दिवस घरच्या ताटात जेवला. आठव्या दिवशी आशाबाईने त्याला मीठ कमी आहे का विचारलं, तर याचे डोळे भरून आलेले. वेडाच आहे हा, असं तिने शेजारणीला सांगितलं, आणि ते तिने फार आनंदाने सांगितलं. कारखान्यात कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर दगड निवडायला आठ बायका घेतल्या, त्यात आशाबाईही लागली. आता कारखाना टिकला तर हे घर टिकणार होतं, आणि तो बसला तर छप्पन वर्षांच्या माणसाने पुन्हा जालन्याला जाऊन कोळशाच्या टोपल्या वाहायच्या होत्या.

पहिली चाचणी फेब्रुवारीत झाली. सोमवारी सकाळी आठला भट्टी पेटली, दुपारपर्यंत धार सुरू झाली, आणि मुंबईहून आलेल्या कंपनीच्या प्रेमानंद साहेबांनी बाटलीत ते कोळशाचं पाणी धरून आपला फोटो काढून घेतला. मंगळवारी दुपारी एक वाजता, एकोणतिसाव्या तासाला, भट्टी गुदमरली. आधी गॅस पातळ झाला, मग धार बारीक झाली, मग टपटप झाली आणि मग तीही नाही. फोटो मात्र तोवर मुंबईत पोचला होता.

दोषाची पाटी कुणाच्या गळ्यात बांधायची यावर लगेच खल सुरू झाला. प्रेमानंद साहेबांचं मत पडलं की या कोळशात राखच फार, याचं इंधन होणं नाही, आणि भट्टीची रचनाच चुकलीय. म्हणजे समता चुकलीय. समिती अहवालाची वाट पाहत होती. भट्टी निवायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी कारभारी छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरला. पश्चिमेच्या बाजूला म्हशीच्या डोक्याएवढा काळा धोंडा बसला होता. त्याने तो फोडला आणि एक तुकडा उजेडात धरला.

धोंड्याच्या आत भुकटीचे पापुद्रे होते. वितळलेल्या राखेत भाजलेली कोळशाची भुकटी, थरावर थर. ही भुकटी भट्टीत जायलाच नको होती. कोळसा पट्ट्यावरून आधी चाळणीवर येतो, भुकटी खाली गळते आणि नुसते डळे, म्हणजे मोठे तुकडे, आत जातात. कोळसा ओला असेल तरच भुकटी डळ्यांना चिकटून राहते आणि चाळणीला फसवून आत शिरते. मग ती एका बाजूला दाटते, वारा दुसरीकडून वाट काढतो, तिथे आग चढते आणि राखेचे धोंडे होतात. आणि कोळसा ओला कुणी केला हे कारभारीला चांगलं ठाऊक होतं.

जालन्यात ढिगावर पाणी मारायची रीतच होती. तिथल्या भट्टीला भुकटीसकट कसलंही खाणं चालायचं, धुरळा बसायचा, सगळे खूश. इथे सोमवारी दुपारी पट्ट्यावरच्या बायका धुरळ्याने खोकत होत्या. त्यात आशाबाई पदर नाकावर धरून दगड निवडत होती. कारभारीने नळी घेतली आणि ढिगावर चांगलं दहा मिनिटं पाणी मारलं. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. बावीस वर्षांची सवय होती आणि बायको खोकत होती.

दोन दिवस तो गप्प राहिला. पट्ट्यावरच्या बायकांशिवाय कुणी काही पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांना त्याचा अर्थ कळणार नव्हता. तोंड उघडलं तर नोकरी गेली हे उघड होतं, आणि कदाचित वर पोलिसांची भानगडही. पण ताटावर बसलं की घास उतरेना. जे ताट वाचवायचं तेच समोर, आणि तेच गोड लागेना. तिसऱ्या दिवशी आशाबाईने ताट बाजूला सारलं आणि काय झालं ते काढून घेतलं.

"माह्यासाठी मारलं ना पाणी?" तिने विचारलं.

"हाव."

"मंग जा अन् सांगून या. जालन्याले जायची पाळी आली तं या बारीले मी बी संगं येईन. पण हे असं तोंड घेऊन घरात नका राहू."

कारभारी उठला तो थेट कारखान्यात गेला. समता टेबलाशी अहवाल घेऊन बसली होती. 'बिघाडाचं कारण' या शब्दांपुढची जागा कोरी होती आणि तिचा चेहरा चार रात्री न झोपलेल्या माणसाचा. कारभारीने धोंड्याचा तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सारं सांगितलं, नळीसकट, खोकल्यासकट. शेवटी म्हणाला, "मॅडम, भट्टी बी बरोबर हाये अन् कोळसा बी बरोबर हाये. चुकलो म्या."

समता त्या तुकड्याकडे इतका वेळ पाहत राहिली की कारभारीला वाटलं ती आता ओरडणार. ती हसायला लागली. मग रडायला लागली. मग नाक पुसून तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. कोळसा वाईट ठरला असता तर कारखाना संपला होता. रचना चुकली असती तरी संपला होता. पण चूक हाताळणीची आहे, कारण कळलंय आणि पुन्हा होऊ नये याची तजवीज करता येते, असं पुराव्यानिशी लिहिता आलं तर समिती दुसरी संधी देऊ शकते, तसं नियमात आहे. एवढंच की अहवालात नाव लिहावं लागेल. कारभारीने नाव लिहायला सांगितलं आणि वर बापाचंही नाव घाला म्हणाला, म्हणजे गावातल्या दुसऱ्या कारभारींवर नको त्याचा ठपका यायला.

समितीचे अध्यक्ष महादेवराव हे निवृत्त प्राध्यापक, अमरावतीकडचे, शब्दाला कंजूस. बैठकीत प्रेमानंद साहेबांनी मागणी केली की दुसरी चाचणी घ्यायचीच असेल तर आधी या माणसाला कामावरून काढा, कंपनीचा पैसा अशा हातांत ठेवता येणार नाही. यात त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना मुंबईत उत्तर द्यायचं होतं. महादेवरावांनी तो धोंड्याचा तुकडा हातात फिरवला आणि एवढंच म्हणाले, की स्वतःची चूक सांगणारा माणूस मी तीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहतोय, पहिला मीच होतो. त्याला भट्टीवरच ठेवा. संधी एकच मिळाली, आणि ती शेवटची असल्याचं लेखी मिळालं.

समताने पहिलं काम केलं ते पट्ट्यावर पत्र्याचं छत्तीसारखं झाकण बसवून वर धुरळा बाहेर ओढणारा पंखा लावण्याचं. बायकांचा खोकला थांबला. पाण्याची नळी तिने कुलपात टाकली. कारभारी म्हणाला, कुलपाची गरज नव्हती. समता म्हणाली, मला ठाऊक आहे, पण समितीला कुलूप दाखवावं लागतं.

दुसरी चाचणी एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी आठला सुरू झाली. ऊन मरणाचं. भट्टीच्या छतावर तर विचारूच नका. कारभारीने तिथेच शेडमध्ये बाज टाकली. दर दोन तासांनी तो उठे, सहाही भोकांतून सळई उतरवी, एकशेवीस मोजी आणि लाल पट्ट्याची उंची शेजारच्या पत्र्यावर खडूने आखी. सहा रेघा, त्यांखाली पुन्हा सहा रेघा. प्रेमानंद साहेब एकदा वर आले, तो पत्रा पाहिला आणि हे काय वारली चित्रं चाललीत का म्हणून विचारून खाली गेले. खाली थंड खोलीत चार मोठे पडदे होते आणि त्यांवर हिरव्या रेघा सरळ चालल्या होत्या. एकोणतिसावा तास उलटला तेव्हा पट्ट्यावरच्या बायकांनी एकमेकींना साखर वाटली. कारभारीने ती घेतली नाही.

बुधवारी दुपारी दोनला, चौपन्नाव्या तासाला, त्याने सळई काढली. पूर्वेच्या तीन भोकांत पट्टा वीतभर. पश्चिमेच्या तीन भोकांत हातभर, आणि मधोमध पिवळट. त्याने पुन्हा घातली, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तो जिना उतरून थंड खोलीत गेला, घामाने निथळत, तसाच.

"मॅडम, आग पश्चिमेकून चढून राह्यली. कोळसा कोरडा हाये, पण राख तिकडं साचली," तो म्हणाला.

पडद्यावर तसं काहीच नव्हतं. हिरवी रेघ सरळ. प्रेमानंद साहेबांनी ती बोटाने दाखवली आणि मुद्दा शांतपणे मांडला. अठरा तास उरलेत. धार व्यवस्थित आहे. आता हवा-वाफ बदलली तर धार नक्की घसरणार, आणि सबंध चाचणीत मिळून एक तासापेक्षा जास्त वेळ ती ठरलेल्या किमान रेषेखाली राहिली तर चाचणी रद्द. चालत्या गाडीला खीळ का घालायची? कागदावर त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. महादेवराव कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांना नियमाने मध्ये बोलता येत नव्हतं.

समताने कारभारीला विचारलं, "काका, न हात लावता किती वेळ निघेल?"

"सहा घंटे. लई झालं तं आठ. मंग मांगच्यासारखाच धोंडा."

"अन् तुमचं चुकत असलं तं?"

मुंबईत शिकलेल्या पोरीच्या तोंडून तिच्याही नकळत लोणारची बोली आली होती. कारभारीने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"मॅडम, चुकलो तवा सांगतलं का नाही तुमाले? मंग आता बरोबर हावो म्हणतो तं तेबी ऐका."

समताने एकदा हिरव्या रेघेकडे पाहिलं, एकदा त्याच्या जळक्या भुवयांकडे, आणि हुकूम दिला. हवा कमी करा, वाफ वाढवा, तळाची जाळी फिरवून राख खाली ओढा. प्रेमानंद साहेबांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला सांगितला. तो नोंदवला गेला. दोन वाजून अकरा मिनिटांनी धार रेषेखाली गेली आणि भिंतीवरचं लाल घड्याळ मिनिटं मोजू लागलं.

कारभारी वर धावला. सोबत दोन तगडे गडी. पश्चिमेच्या भोकांतून त्यांनी जाड पहार घातली आणि ठोकायला लागले. आत वाफ, बाहेर एप्रिल. पहिल्या भोकात काही लागलं नाही. दुसऱ्यात पहार टणकन वाजली. कारभारीला तो आवाज ऐकून हायसं वाटलं, कारण शंका असलीच तर ती तिथे संपली. धोंडा होता. अजून कोवळा, नारळाएवढा, पण होता. सात-आठ ठोक्यांत तो फुटला आणि पहार सरकन खाली गेली. तिसऱ्या भोकातही तसाच एक. तोही फुटला. हाताची सालं निघाली ते त्याला संध्याकाळी कळलं.

खाली घड्याळ चाळीसवर आलं, पंचेचाळीसवर आलं. धार रेषेखालीच. प्रेमानंद साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पन्नासला समताने वाफ थोडी कमी केली, हवा हळूहळू वाढवली. एक्कावन्न. बावन्नला पडद्यावरची रेघ थरथरली आणि वर आली. रेषेला टेकली, ओलांडून गेली, आणि सकाळपेक्षाही उंच जाऊन स्थिर झाली. लाल घड्याळ थांबलं. आठ मिनिटं शिल्लक होती.

वर कारभारीने सळई काढली. सहाही भोकांत पट्टा वीतभर. त्याने पत्र्यावर सहा रेघा आखल्या, सारख्या उंचीच्या, आणि मग तिथेच पत्र्याला टेकून पाणी मागितलं. पाणी घेऊन आशाबाई आली. तिला पट्टा सोडून वर यायची परवानगी नव्हती, पण त्या दिवशी ती कुणी विचारली नाही.

उरलेले तास सरळ गेले. गुरुवारी सकाळी आठला भोंगा वाजला तेव्हा टाकीत साडेनऊ हजार लिटर कोळशाचं पाणी होतं आणि शुद्धतेचा आकडा अटीपेक्षा वर. आठही बायका पट्ट्यावरून नाचत बाहेर आल्या. समताने हेल्मेट काढून हवेत फेकलं आणि ते चक्क समितीच्या गाडीच्या टपावर पडलं. महादेवराव जिना चढून छतावर गेले. त्यांनी तो खडूने भरलेला पत्रा वरपासून खालपर्यंत वाचला, मंगळवारच्या रेघा, बुधवारच्या दुपारच्या वाकड्या रेघा, त्यांखालच्या पुन्हा सरळ. मग त्यांनी तो पत्रा खिळ्यांसकट उचकटून मागितला आणि अहवालाला जोडायचा म्हणून गाडीत घालून नेला. सरकारी अहवालाला पत्रा जोडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

महिन्याभरात सरकारचं पत्र आलं, दुसरा हप्ता मंजूर. आठवड्याने कंपनीचं आलं, त्यांचाही मंजूर. दोन्ही पत्रं समताने कारखान्याच्या फाटकावर लावली आणि अख्खं गाव ती वाचायला येऊन गेलं, ज्यांना वाचता येत नाही तेसुद्धा. कायमच्या नोकरीचे एकसष्ट कागद निघाले. त्यातला एक कारभारीचा, एक आशाबाईचा. कारखान्याच्या नियमपुस्तकात नवं कलम पडलं की दर दोन तासांनी सळईने आग पाहावी आणि पडदा व सळई यांत फरक पडल्यास सळईचं ऐकावं. ते कलम प्रेमानंद साहेबांनी स्वतः लिहून घेतलं होतं.

जूनमध्ये साहेब एका दुपारी थेट कारभारीच्या घरी आले. पायातले बूट बाहेर काढले, खाटेवर बसले, आशाबाईने दिलेला चहा बशीत ओतून प्यायले, आणि कामाचं बोलले. कंपनी आता चंद्रपूरकडे याच धर्तीवर वीसपट मोठा कारखाना घालतेय. तिथे कारभारी हवा. पगार दुप्पट, राहायला क्वार्टर, नव्या माणसांना सळई शिकवायची. बुधवारच्या त्या दुपारी आपण चुकलो होतो, हेही ते म्हणाले. मुंबईच्या साहेबाच्या तोंडून हे निघायला काय लागतं ते कारभारीला कळत होतं, कारण त्यानेही एकदा ते केलं होतं.

आशाबाई दारात उभी होती. कारभारीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने हात जोडले.

"साहेब, तुमचा मोठेपणा हाये. पण बावीस वर्षं मी गेलो. आता ज्याईले शिकायचं त्याईले इकडं पाठवा. साखरखेर्ड्याले."

प्रेमानंद साहेबांनी फोन काढला आणि चंद्रपूरच्या माणसांच्या राहण्या-जेवण्याची सोय इथे कुठे होईल ते विचारलं. पूनमची खोली रिकामीच हाये, आशाबाई दारातून म्हणाली. सोमवारपासून चौघं यायचं ठरलं. साहेबांची गाडी फाट्याकडे वळली तेव्हा दुपारचा एक वाजत होता, आणि कारभारी हात धुऊन जेवायला बसला.